मंडईच्या गाडीतली गोधडी

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. धान शेतात उभं असतं, कापणीला थोडे दिवस असतात, तेवढ्या सवडीत लोक पाहुण्यांना बोलावतात, खेळण्यांची आणि मिठाईची दुकानं लागतात, दिवसा दंडार होते, म्हणजे पुरुषच बायांची सोंगं घेऊन करतात तो नाच-गाण्याचा खेळ. त्या आठवड्यात छोट्या लाइनीच्या इंजिनाला आंब्याची पानं आणि झेंडूच्या माळा बांधलेल्या असत. कोण बांधायचं ते मला कधी कळलं नाही. त्या गाडीला सगळे मंडईची गाडीच म्हणत.

माझ्या वडलांनी नातवंडांना त्या गाडीनं मंडईला न्यायचं कबूल केलं होतं. नातवंडं म्हणजे माझ्या बहिणीची मुलं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. बहीण आषाढात तापानं गेली, तेव्हापासून ती दोघं आमच्याकडे, माझ्या आईजवळ होती. त्यांचा बाप मूल गावी धानाच्या गिरणीत कामाला होता. दिवाळीच्या तोंडावर त्याचा निरोप आला. दुसरं लग्न ठरलं आहे, पोरगा घेऊन या. पोरगी राहू द्या, तुमच्या घरी पाणी भरायला होईल.

वडील हो म्हणाले. पोरगा बापाचा, त्यात बोलायचं काय, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी तिथंच बसलो होतो. मी एकवीस वर्षांचा होतो आणि गप्प बसण्यासाठी प्रसिद्ध नव्हतो. आमच्या घरात पुस्तकं नव्हती. बाजाराच्या दिवशी कुणी ना कुणी पत्रकं वाटायचं, ती मी लहानपणापासून गोळा केली, त्यांवरच वाचायला शिकलो आणि भांडायलाही. लेकीला बापाच्या मिळकतीत वाटा देणारा कायदा नुकताच झाला होता. त्यावर मी स्वतः एक पत्रक लिहून छापून आणलं होतं. त्याचा गठ्ठा घरातच होता. पण त्या दिवशी माझ्या तोंडून एक वाक्य निघालं नाही. राग आला असता तर बोललो असतो. बहीण गेल्यापासून मला राग येत नव्हता, रडूही येत नव्हतं. जेवत होतो, झोपत होतो, लिहीतही होतो.

असं ठरलं की मूल स्टेशनवर बाप येईल, त्याच्या हाती मुलगा द्यायचा. मंडईचं गाव मूलच्या पुढं दोन स्टेशनं. मुलांना सांगायचं नाही.

"आधी सांगतलं तं रडतीन," वडील म्हणाले. "गाडीत बसू दे, मजा करू दे. मूल येईन तवा पाहू."

मी बरं म्हणालो.

डबा भरलेला होता. एक दंडारीची मंडळी ढोलकी, पेट्या घेऊन चढली होती. त्यातल्या एकानं वेळ वाचवायला घरूनच लुगडं नेसलं होतं, तोंडाला पांढरं फासलं होतं, मिशा मात्र अजून काढायच्या होत्या. मुलगा त्याच्याकडे तोंड उघडं टाकून पाहत होता.

"काय पाहून राह्यला रे? बाई नाई पाह्यली कधी?"

"बाईले मिशा नसते," मुलगा म्हणाला.

डबा हसला. मंडईत वाटायला मी पत्रकांचा गठ्ठा पिशवीत घेतला होता. त्या माणसानं त्यातलं एक उचलून दोन ओळी मोठ्यानं वाचल्या आणि आपल्या मंडळींकडे वळून म्हणाला, "ऐका हो! बाईले वाटा भेटते आता. काढा माहा वाटा, मी आज बाई आहो."

"आधी मिशा काढ, मग वाटा," ढोलकीवाला म्हणाला.

वडीलही हसले. मी हसल्यासारखं केलं असेल.

मुलाचं त्या दिवशी एकच काम होतं. आदल्या दिवशी भाऊबीजेला मुलीनं त्याला ओवाळलं, तेव्हा ताटात टाकायला त्याच्याकडे काही नव्हतं. मंडईत लाल फीत घेऊन देतो, असं त्यानं तिला सांगितलं होतं. गाडीत तो दर थोड्या वेळानं विचारायचा, "आली का मंडई?"

वडलांनी धोतराच्या फडक्यात एक गाठोडं बांधून आणलं होतं. मुलगी त्याला टेकून बसली होती. सिंदेवाही स्टेशन गेल्यावर ती सरळ झाली, गाठोडं हातानं दाबून पाहिलं.

"आबाजी, यात गोधडी हाय?"

वडील खिडकीबाहेर पाहत राहिले. ती गोधडी माझ्या बहिणीच्या दोन लुगड्यांची होती. मुलाला त्या गोधडीशिवाय झोप येत नसे. वडलांनी सगळं लपवायचं ठरवलं, पण नातवाला झोप येणार नाही हे त्यांना सोसवलं नाही. मंडईला सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं असतं, गोधडी घेऊन कोणी जात नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"थंडी पडते," ते म्हणाले.

"दिवसा?" तिनं गाठ थोडी सैल करून आत पाहिलं. "ही त्याची हाय. माही कुठी हाय?"

ती माझ्याकडे वळली.

"मामा, तू सांग."

मी खरेपणावर पानंच्या पानं लिहिली होती. मी म्हणालो, "मूल येऊ दे."

मग तिनं गाठ पुन्हा आवळली, भावाला ओढून आपल्याजवळ बसवलं आणि दंडारवाल्यांच्या गलक्यात, नेहमीच्या आवाजात त्याला सांगितलं, "मूलले बाबा येते तुले न्याले. तू त्याच्याघरी राहाचं. गोधडी दिली आबाजीनं."

"अन् तू?"

"मी आजीजवळ."

"अन् फीत?"

"मंग दे. येशील तवा."

मला वाटलं आता तो रडेल. त्यानं विचारलं, "लालच ना?"

"लालच."

मूलच्या फलाटावर बाप उभा होता. धुतलेला सदरा, हातात जिलबीचा पुडा. वडलांनी मुलाला खाली दिलं, मी गाठोडं दिलं. त्याला गोधडीचं सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं. एवढंच मी त्या दिवशी केलं. बाप खिडकीशी येऊन मुलीला म्हणाला, "बाई, नीट राय." तिनं मान हलवली. लुगडं नेसलेला माणूस मघापासून आमच्याकडे पाहत होता. मिशांवरून हात फिरवत तो पलीकडे सरकला आणि मुलीला खिडकीची जागा दिली.

मंडईत वडील दंडारीपुढं जाऊन बसले. मी मुलीला फितींच्या दुकानाशी नेलं.

"घे, लाल."

"तू तं मामा आहेस," ती म्हणाली. "ओवाळणी त्याची हाय."

तिनं काहीच घेतलं नाही. पत्रकांचा गठ्ठा मी पिशवीतून काढला नाही.

संध्याकाळच्या गाडीनं परत निघालो. मूलला गाडी थांबली, इंजिन पाणी घेत होतं. वडील डुलकी घेत होते. मुलगी खिडकीतून गिरणीच्या धुराड्याकडे पाहत होती.

"मामा, त्याचं घर दूर हाय काय इथून?"

"नाही. गिरणीच्या मागंच."

"चालत जाता येते?"

"येते," मी म्हणालो. त्या दिवशी तिला मी दिलेली ती पहिली खरी उत्तरं होती.

गाडी बराच वेळ थांबली. ती उठली नाही. मीही उठलो नाही.