तांब्याभर पाण्याचं कार्टून

हे मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. तुम्हाला सांगते — ऐका.

लातूर नवा जिल्हा झाला, नवरा नव्या कचेरीत शिपाई लागला, आणि गल्लीतला पहिला टीव्ही आमच्या घरी आला. दर रविवारी एक कार्टून लागायचं. तलाठी झालेला कोल्हा, आणि साधेसाधे प्रश्न विचारून त्याला घाम फोडणारी म्हैस. मी चौथी शिकलेली, पण त्यातली मेख मला कळायची. मोठी माणसंही पोट धरून हसायची.

मग दुष्काळ पडला. टँकर आला तर आला. मी दारात उभी राहून टीव्ही बघायला आलेल्या गल्लीतल्या पोरांना म्हणाले, "फुकट न्हाई. तांब्याभर पाणी आणा, मग बसा." पोरं आणायची. त्या पाण्याचं मी काय करायची? दारात सडा टाकायची. सगळ्या गल्लीत माझंच अंगण ओलं — एवढ्यासाठी.

पुढं कार्टून बिघडलं. म्हैस प्रश्न विचारीना. नुसती घसरून पडायची, कोल्हा तिला काठीनं हाणायचा, मागून कुणीतरी खोटं हसायचं. पोरं यायची थांबली. उरली शेजारची सुमी. तिला मी म्हणायची, "पुढच्या रविवारी पहिल्यासारखं लागणार हाय बघ." मला काय ठाऊक? पण ती यायची — घरच्या रांजणातून चोरून तांब्या भरून. न हसता बघत बसायची.

तिची आई कमळ. रांजण लवकर रिता होतोय म्हणून तिनं आंधळ्या सासूवर आळ घेतला. भर टँकरच्या रांगेत मला विचारलं, "अक्का, म्हातारी पाणी सांडती ते तुमी बघितलंव का?"

सुमी माझ्याकडं बघत होती. खरं सांगायला किती वेळ लागला असता?

"हाव, बघितलंय की. मोरीत राणीवानी हात धूत बसती."

रांग हसली. म्हातारी तिथंच दगडावर बसली होती. म्हणाली, "माय, मला मोरी कुठं हाय ते बी दिसत न्हाई." लोक आणखी हसले. मीही हसले — त्या महिन्यातल्या कार्टूनपेक्षा बरं जमलं होतं.

कमळनं पाण्याच्या खोलीला कुलूप घातलं. म्हातारीला दिवसाला एक तांब्या. भर उन्हाळ्यात तिला देवणीकडं लेकीच्या घरी धाडली. ती तिकडंच मेली.

कुलूप लागल्यापासून सुमी आली नाही. रविवारी मी एकटीनं टीव्ही लावला. म्हैस पडली, कोल्ह्यानं हाणलं. म्हातारीचं वाईट वाटलं का? — नाही. अंगण कोरडं पडलं, त्याचं वाटलं.