चीज खाताना करायचं तोंड

वासंतीमावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाल्यावर एका ट्रॅव्हल कंपनीत लागली. आता तोच भूगोल ती लोकांना फिरवून दाखवते. तिचं फ्रेंच स्वच्छ पुणेरी आहे. "बाँझूर, मादाम" ती अशा सुरात म्हणते की समोरच्या बाईला आपण उशिरा आलोय असं वाटावं. हे मी हुबेहूब करते. तशी मी सगळ्यांचीच नक्कल करते आणि त्याबद्दल स्वतःला फार थोर समजते. म्हणूनच मावशीने मला रविवारी धायरीला नेलं.

"स्पृहा, तुला फ्रेंच मादाम व्हायचंय. जास्त हुशारी करायची नाही."

भानगड अशी होती. मावशीच्या फ्रान्स टूरमध्ये ओब्राक नावाच्या पठारावर एका शेतघरात जेवण असतं. मावशीचा सगळा जीव त्या जेवणात. "टॉवर काय, मोबाइलवरही दिसतो," ती म्हणते. तिथली ओडेत नावाची बाई उकडलेल्या बटाट्यात लसूण, लोणी आणि ताजं चीज घालून ते इतकं घोटते, की डाव डोक्याच्या वर नेला तरी तार तुटत नाही. याला म्हणतात अलिगो.

गेल्या वर्षीच्या ग्रुपने तिथे काय केलं? निळं चीज आल्याबरोबर कुणी नाकाला रुमाल लावला, कुणी "बुरशी आलीय हो याला!" म्हणून ताटली सरकवली आणि एका काकांनी पिशवीतून बरणी काढून अलिगोत ठेचा कालवला. ओडेत डाव उचलून आत गेली, ती निरोप द्यायलाही बाहेर आली नाही. मावशी हे सांगते तेव्हा खाली बघत सांगते. ती नक्कल मला अजून जमलेली नाही.

यंदा कंपनीचे मालक इंद्रजीत म्हणाले, "वासंतीताई, लोकांना नकोच असेल तर आपण तिथे दाल-मखनीवालं रेस्टॉरंट टाकू. शेतघरात जेवायला कोण तयार, मीटिंगमध्ये हात वर करवून घ्या. निम्मे तरी पाहिजेत."

तर धायरीतल्या सोसायटीचा हॉल, टूरला निघालेले काका-काकू, मागे हाताची घडी घालून इंद्रजीत आणि पुढे मावशी.

"नाकाला हात लावायचा नाही. 'ईऽऽ' मनातही म्हणायचं नाही. एक घास घ्यायचा, मान हलवायची. नको असेल तर हसून 'नों, मेर्सी'. बरणी काढायची नाही."

"आणि प्यायला काय?" सलिलकाकांनी विचारलं. हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले.

"जेन्शन नावाच्या झाडाच्या मुळांची कडू दारू असते. आपल्या काडेचिराईताची चुलत बहीण समजा."

"म्हणजे लहानपणी मार खाऊन प्यायलो, ते आता पासपोर्ट काढून प्यायचं?"

हॉल हसला. मावशी हसली नाही. मला खूण केली.

मी एप्रन बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून अशी काही आले की बस. येत होते तीन फ्रेंच शब्द; तिन्ही नाकातून. हातात निळ्या चीजची ताटली. लोक शहाण्यासारखे वागले. सलिलकाकांनी तुकडा तोंडात टाकला, मालाची तपासणी करावी तसा सावकाश चावला आणि मान हलवली.

"मादाम," ते म्हणाले, "आपण नाही घेत? पाहुण्यांना वाढून स्वतः उपाशी?"

मी मावशीकडे पाहिलं. तिने भुवई उचलली. मादाम पाहुण्यांबरोबर खाते, हे मला ठाऊक होतं. मी चालण्याची तालीम केली होती, हसण्याची केली होती. चीजची तालीम करायची असते हे या थोर कलावंताला सुचलंच नव्हतं. ऐटीत मोठ्ठा तुकडा घेतला.

आधी मीठ लागलं. मग कुणीतरी पावसात भिजलेले बूट माझ्या नाकात काढून ठेवले. नाक कपाळाकडे निघालं, डावा डोळा मिटला, जीभ आपणहून बाहेर आली आणि शुद्ध मराठीत "ईऽऽऽ!"

हॉल आडवा झाला. मी तोंडात एप्रन कोंबून उभी. झालं, म्हटलं, मावशीचं जेवण गेलं आणि दाल-मखनी मी आणली.

मावशी आली, माझी हनुवटी धरली आणि तोंड लोकांकडे वळवलं.

"बघून घ्या. गेल्या वर्षी ओडेतच्या टेबलाभोवती सगळी तोंडं अशी होती. आणि ती बाई तिच्या स्वतःच्या घरात उभी होती."

हसणं थांबलं. सलिलकाका घसा खाकरून म्हणाले, "चीज वाढलं हिनेच, तरी तोंड बघून अपराधी मला वाटलं."

मावशीने कोपऱ्यातल्या पातेल्यावरचं झाकण काढलं. पहाटे उठून केलेलं अलिगो, पाकिटातल्या चीजचं. तिने डाव उचलला. तार कमरेशीच तुटली.

"ही माझी नक्कल," ती म्हणाली. "खरी डोक्यावर जाते. ती बघायची असेल त्यांनी हात वर करा."

हात वर होत गेले. इंद्रजीत मोजत होते, मग मोजायचं सोडून दिलं.

"ठेचा मात्र मी नेणार," वरचा हात खाली न घेता सलिलकाका म्हणाले. "मादामला भेट. बरणी बंद."

"बंद," मावशी म्हणाली. "सेलोटेप लावून."

खाली पार्किंगमध्ये उतरले, तर काका-काकू एकमेकांना नाक वर करून, जीभ काढून माझं तोंड करून दाखवत होते. सगळ्यांत भारी सलिलकाका. त्यांचं "ईऽऽऽ" माझ्यापेक्षा लांब होतं. मला आधी राग आला. मग नीट पाहिलं, तर ते डोळा चुकीचा मिटत होते.

"काका, डावा," मी म्हटलं.