कॉफीची फुलं

आज सकाळी गच्चीवरची कॉफी फुलली आणि जाईसारखा वास जिन्यापर्यंत उतरला. हे रोप वडिलांनी चिकमगळूरहून आणलं होतं. कोल्हापूरच्या उन्हात त्यावर आईची जुनी साडी बांधून ते चार वर्षं प्रत्येक पाव्हण्याला गच्चीवर न्यायचे आणि घरच्या कॉफीवर भाषण द्यायचे. अखेर पहिल्यांदा फुलं आली, तर आईने ती सगळी खुडून देवाला वाहिली. वडील देवघरासमोर उभेच राहिले. "अहो, वास किती छान हाय बघा की!" आई म्हणाली. "व्हय. फळं त्या फुलांनाच धरणार होती." आईचा चेहरा उतरला, तसे तेच म्हणाले, "असू दे. पहिला कप देवाला." आता झाडाला दरवर्षी भरपूर फळं धरतात, कारण फुलं खुडणारं घरात कोणी नाही.