बशीने झाकलेला चहा

पारनेरच्या चढावरचा तो चहावाला आमच्या प्रत्येक सायकल सहलीत एकच विचारतो, "ताई मागं ऱ्हायल्या व्हय?" मी छाती फुगवून सांगतो, "येतेय हळूहळू!" सहल जोडीने काढायची आणि चढ मात्र एकट्याने जिंकायचा, अशी माझी मर्दुमकी. तो माझ्या बायकोचा चहा बशीने झाकून ठेवतो.

यंदा ती टेम्पोतून आली, सायकल मागे हौद्यात आडवी टाकलेली. उतरलीच नाही. त्याने झाकलेला कप खिडकीतून दिला. तो पिऊन ती ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, मला एसटी स्टँडवर सोडा. यांना पुढे जायचंय."

टेम्पो गेला. मी तिथेच उभा. बशी पुसत तो म्हणाला, "व्हा की पुढं, सायेब. आता झाकून ठेवायला लागायचं न्हाई."