माझ्या पाठीआडची आई

आमच्या घराला एकच खोली आहे, पत्र्याची. एका भिंतीला आईचा ओटा आणि पिठाचे डबे, समोरच्या भिंतीला माझं टेबल. वडील गेल्यापासून ढोकी गावात आम्ही दोघंच.

धाराशिवच्या कॉलेजातून मी पदवी घेतली, आमच्या घरातला पहिलाच. पुण्याच्या एका कंपनीनं घरबसल्या काम दिलं, लॅपटॉपही पाठवला. त्याचं मला अजून अप्रूप आहे. काम रुग्णांची माहिती भरण्याचं. परक्यांच्या आजारांचे कागद कुणाच्या नजरेला पडू नयेत, म्हणून कामाच्या वेळी कॅमेरा चालूच असतो. माझ्या मागं दुसरा चेहरा दिसला की लाल सूचना येते आणि वरिष्ठांकडंही जाते.

पहिल्याच आठवड्यात चार सूचना गेल्या. चारही वेळा आईच.

वरिष्ठ मॅडमचा फोन आला. मायेनं म्हणाल्या, "अरे, दुसऱ्या खोलीत दार लावून बस ना. सहा महिन्यांनी कायम करताना हे सगळं बघतात."

दुसरी खोली नाही, एवढंच सांगायचं होतं. मला लाज वाटली. मी म्हणालो, "हो मॅडम."

आईला सांगितलं तर ती हसली. "तुझ्या सायबाला सांग, ही बाई चोर न्हाय. पिठाचा डबा न्यायला आलीया."

पण दुसऱ्या दिवसापासून ती दारासमोरच्या कडुलिंबाखाली बसू लागली. काही लागलंच, तर माझ्या पाठीआड वाकून आत यायची. डब्याचं झाकण वाजायचं, तिचे गुडघे वाजायचे. मान वळवली तरी नोंद होते, त्यामुळं मी पडद्याकडंच बघत राहायचो.

कंपनीतल्या बरोबरीच्यांच्या घरी वेगळी खोली असेल, त्यांना हा नियम जाणवतही नसावा. नियम सगळ्यांना सारखाच आहे. वाकावं मात्र माझ्या आईला लागलं, आणि तिनं तर कंपनीच्या कुठल्याच कागदावर सही केली नव्हती.

सहा महिन्यांनी कायम झाल्याचं पत्र आलं. लॅपटॉप बंद करून मी पेढे आणले आणि आईला हाक मारली. ती उठली, उंबऱ्यापाशी थांबली आणि वाकूनच आत आली.

"अगं, कॅमेरा बंद आहे. सरळ ये."

"व्हय?" म्हणाली, तरी माझ्यापर्यंत येईस्तोवर वाकलेलीच होती.

त्याच संध्याकाळी मी मॅडमना मेल लिहिला: 'आमच्या घराला एकच खोली आहे.' पुढं काही सुचलं नाही. तेवढाच पाठवला.

उत्तर आलेलं नाही. आई बाहेरच बसते. मधूनच तिचा खोकला ऐकू येतो आणि मी पडद्याकडं बघत असतो.