आठल्ये सर आणि जड माणसं

स्टाफरूममधले खडू संपतात, किस्से काही संपत नाहीत. बनारसच्या आमच्या शाळेतले निम्मे किस्से तर एकट्या आठल्ये सरांनी पुरवले! नव्वदनंतर कधीतरी ते साताऱ्याहून फिजिक्स शिकवायला आले, तेही टेंपररी. वहिनी सामानाची ट्रंक उघडायलाच तयार नव्हत्या. म्हणायच्या, "आधी नोकरी पक्की होऊ दे."

*

पहिला धडा जडत्वाचा. ग्लासवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणं. टिचकी मारली की पुठ्ठा उडतो आणि नाणं ग्लासात पडतं. सरांनी अशी टिचकी मारली की ग्लासच फुटला! तरी सर शांत. "आराम से पड़ी चीज़ आराम से ही पड़ी रहना चाहती है।"

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हम भी!"

*

गोदौलियाच्या चौकात सांड आडवा आला, रिक्षाने करकचून ब्रेक मारला आणि सर थेट सांडाच्या अंगावर! उठून म्हणाले, "रिक्शा रुकी, मैं चल रहा था।"

रिक्षावाला म्हणाला, "तब त आप अपने मन से गए, गुरुजी! हमार का दोस?"

*

सरांनी शिपायाला सांगितलं, "यह अलमारी जड है, सँभाल के।" तो वाकून कपाटाखाली बघायला लागला. हिंदीत जड़ म्हणजे मूळ. ते त्याला कुठे दिसेना!

*

स्टाफ सहकुटुंब गंगेपलीकडे रामनगरला गेला होता. परतताना आमचे वजनदार प्रिन्सिपल त्रिपाठीजी नावेच्या टोकाला उभे. सरांना कायम करायचं की नाही, हे त्यांच्याच हातात होतं. मुन्शी घाट जवळ आला तसे सर ओरडले, "आप जड हैं, बैठ जाइए!"

नावेतले सगळे त्रिपाठीजींकडे बघायला लागले. हिंदीत मठ्ठ माणसालाही जड़ म्हणतात.

"अहो सर, काय बोलताय!" मी कुजबुजलो.

सर त्रिपाठीजींना आणखी मोठ्याने, "मैं सच कह रहा हूँ! पूरे स्टाफ में सबसे जड आप ही हैं!"

नाव पायऱ्यांवर धाडकन आदळली. नाव थांबली, त्रिपाठीजी थांबेनात! सरांनी मागून कमरेला मिठी मारली म्हणून वाचले.

वहिनी डोळे मिटून म्हणाल्या, "बरं झालं, ट्रंक उघडली नाही."

घरी जाताना मी सरांना मठ्ठवाला अर्थ सांगितला. बिचारे रात्रभर झोपले नाहीत.

सोमवारी प्रिन्सिपलचं बोलावणं आलं. सरांनी मला सोबत नेलं. त्रिपाठीजी हसत म्हणाले, "जाइए आठल्येजी, इस स्कूल में आपकी जड़ जम गई!"

मी काही बोलायच्या आत सर तडक घरी. दारातूनच ओरडले, "ट्रंक उघडू नकोस गं! त्यांनी मलाही मठ्ठ म्हटलं!"