पाहुणे, मुक्काम किती दिवस?

समोरच्या दारातल्या मावशींना गप्प बसलेलं मी एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा त्यांची दाढ काढलेली होती. तरीसुद्धा तोंडात कापसाचा बोळा धरून त्या दातांच्या डॉक्टरची नक्कल खुणांनी करून दाखवत होत्या. अशा बाईला जगात एकच नोकरी शोभली असती आणि नेमकी तीच त्यांना मिळाली. लोकांच्या घरी जाऊन बोलायची.

लोकांच्या म्हणजे नव्या आयांच्या. बाजारामागे माता-बाल केंद्र आहे. जिच्या मागेपुढे कोणी नाही, जिचा जोडीदार बातमी ऐकताच परागंदा झाला, किंवा जिचं बाळ इतक्या घाईने आलं की आईआधी त्याला काचेच्या पेटीने सांभाळलं, अशा आईकडे केंद्र मावशींना पाठवायचं. काम एवढंच, की आईची आणि बाळाची ओळख करून द्यायची.

"आईला बाळाची ओळख करून द्यावी लागते?" मी विचारलं होतं.

"तुम्हाला तुमच्या बायकोची झाली का अजून?" मावशी म्हणाल्या. आतून आमच्या सौभाग्यवतींनी खळखळून दाद दिली. मी पुन्हा विचारलं नाही.

मावशींची एक पद्धत होती. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं की दोन्ही हात पाठीमागे. बाळ रडो, लोळो, हात बांधलेलेच. "मी उचललं तर ते माझं तोंड बघणार. त्याने बघायचंय कोणाचं?" म्हणायच्या. तोंडाची टकळी मात्र मोकळी. त्या टकळीवरच कितीतरी पोरी बाळाला छातीशी घ्यायला शिकल्या.

त्यातलीच एक लाँड्रीत इस्त्री करणारी मुलगी. स्वतः अनाथालयात वाढलेली, बोलणं असं कडक की मावशींनी तिचं नाव 'इस्त्री' ठेवलं. बाळ पेटीतून घरी आलं आणि हिने त्याला पलंगाच्या पार त्या टोकाला ठेवलं. दूध वेळेवर, लंगोट वेळेवर, कपड्यांच्या घड्या तर दुकानात ठेवाव्यात अशा. पण बाळाकडे बघणं नाही, बोलणं नाही.

"बोल ना त्याच्याशी," मावशी म्हणाल्या.

"काय बोलू? ओळख ना पाळख. माझ्याशी कोणी बोललं होतं का, मला यायला?"

"अगं, ओळख नसलेला माणूस घरी आला तर काय करतेस? पाहुणा समज. म्हण, या, बसा."

इस्त्रीने मावशींकडे बघितलं, या बाईचा एखादा स्क्रू ढिला आहे की काय अशा नजरेने. मग बाळाकडे बघितलं. मग अगदी तिरसटपणे म्हणाली, "या. बसा. प्रवास कसा झाला?"

बाळाने जांभई दिली.

"दमलेत वाटतं," इस्त्री म्हणाली आणि एकदम फिसकन हसली. मावशी सांगायच्या, त्या हसण्याने बाळाची मान वळली आणि ती दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे बघत राहिली. मावशींनी पाठीमागे आपलीच बोटं घट्ट दाबून धरली, उचलून दोघांनाही कुरवाळायचा मोह आवरायला.

तिथून पुढे इस्त्रीचं अहो-जाहो जे सुरू झालं ते थांबेना. "पाहुणे, शी केलीत? लाज नाही वाटत, दुसऱ्याच्या घरी?" "काय पाहुणे, मुक्काम किती दिवस? जायचं नाव काढत नाही हो हा माणूस!" असं म्हणत त्याला उघड्या छातीवर पालथा घालून ती तास तासभर पडून राहायची. पाहुणे झोपले की हळूच त्यांची टाळू हुंगायची.

एवढी झकास गोष्ट पोटात ठेवणं मावशींना जमणार होतं थोडंच? केंद्रावर चहाच्या वेळी त्यांनी ती प्रमुखबाईंना साभिनय सांगितली. प्रमुखबाई आणि मावशी एकाच वर्षी कामाला लागलेल्या. एक पुढे शिकत गेली, दुसरी पुढे बोलत गेली; पण दार लावलं की दोघींचं अगं-तुगं. त्या दिवशी प्रमुखबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "पुन्हा सांग, ते मुक्कामाचं पुन्हा सांग," म्हणाल्या. मावशींनी पुन्हा सांगितलं.

मग दुसऱ्या कुठल्याशा केंद्राच्या देखरेखीतल्या एका बाळाला घरात इजा झाली. बोभाटा झाला. वरून तपासणीची माणसं आली आणि विचारायला लागली, तुमच्याकडे अशी धोक्यातली घरं कोणती? टेबलाभोवती सगळे बसले होते, मावशीही होत्या. प्रमुखबाईंनी घसा साफ केला.

"एक आई आहे. बाळाला पाहुणा म्हणते. त्याच्याशी अहो-जाहो करून बोलते. कधी जाणार, असं विचारते. आमच्या या मावशींनी स्वतः ऐकलंय, त्यांनीच मला सांगितलं."

मावशी हसू दाबून वाट बघत होत्या. आता ही खरं काय ते सांगेल, आता हिचा चष्मा निघेल. प्रमुखबाई समोरच्या माणसांकडेच बघत होत्या. एका गृहस्थाने मान हलवून म्हटलं, "म्हणजे अजिबात जवळीक नाही."

"अहो, थट्टा आहे ती! 'पाहुणा' म्हणायला मीच शिकवलंय तिला!" मावशी उठून उभ्याच राहिल्या. "बाळ छातीवरून उतरत नाही तिच्या! तू सांग ना गं!"

प्रमुखबाई मायेने हसल्या. "मावशी माणसांत फार गुंततात. म्हणूनच त्यांचं काम चांगलं होतं."

झालं. त्या मायेपुढे मावशींचं काही चालेना. बाळ काही काळ केंद्राच्या शिशुकक्षात राहील, आईने रोज तिथे यावं, तपासनीस बघतील आणि मग ठरवतील, असं ठरलं. बाळ आणायला नर्सबरोबर मावशींनाच पाठवलं, ओळखीच्या म्हणून.

इस्त्रीने रडारड केली नाही. लंगोटांची घडी नर्सच्या हातात दिली आणि मावशींना विचारलं, "तिकडे सांगितलंत? मी तुमच्यासमोर हसत 'पाहुणे' म्हणत होते, ते?"

"अगं, कौतुकाने सांगितलं गं."

"तुम्हाला घरातलं समजत होते मी. घरातलं माणूस असंच करतं का हो? मला माहीत नाही, मला घर नव्हतं."

मावशींच्या तोंडून शब्द फुटला नाही. या वेळी तर दाढही काढलेली नव्हती.

शिशुकक्षात काचेपलीकडे तपासनीस बसायचे. इस्त्री बाळाला घेऊन नुसती बसून राहायची. तोंड उघडलं की ते कुठे पोचेल याचा भरवसा नव्हता. मग तिला कळलं, की गप्प बसणंही तिच्याविरुद्ध जातंय. दुसऱ्या दिवशी तिने पहिलीच्या पुस्तकातला धडा वाचावा तसं सुरू केलं, "बाळा, मी तुझी आई आहे. तू माझा लाडका आहेस."

तपासनीस खूश झाले. बाळाला मात्र ही कोण बाई ते कळेना. ते तिच्या तोंडाकडून मान वळवून आवाज शोधायला लागलं, आणि सापडेना तसं जोरात रडायला लागलं. मावशी दाराशी हात पाठीमागे घेऊन उभ्या. इस्त्रीने एकदा काचेकडे बघितलं, एकदा मावशींकडे. मग सगळ्यांकडे पाठ केली आणि बाळाच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी कुजबुजली. रडणं थांबलं. बाळाने तिच्या गळ्याशी नाक खुपसलं.

"आवाजाने लगेच शांत होतंय," काचेपलीकडून कोणीतरी समाधानाने म्हणालं.

तो शब्द काय होता ते तिने कोणाला ऐकू दिलं नाही. मावशींनाही नाही.

तसेच आणखी काही दिवस गेले आणि बाळाला घरी सोडलं. निघताना इस्त्री प्रमुखबाईंना एवढंच म्हणाली, "भेटीला कोणाला तरी पाठवायचा नियमच असेल तर पाठवा. या मावशी नकोत." मावशी शेजारीच उभ्या होत्या. तिने त्यांच्याकडे रागानेसुद्धा बघितलं नाही.

ती गेल्यावर प्रमुखबाईंनी दार लावलं, दोन कप चहा मागवला आणि जुन्या सवयीने म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस गं. बाळ परत मिळालं ना तिला? सगळं नीट झालं."

"तुला माहीत होतं," मावशी म्हणाल्या. "थट्टा आहे हे तुला पक्कं माहीत होतं. मी सांगितलं तेव्हा तू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होतीस."

प्रमुखबाईंनी कप खाली ठेवला.

"मी? कधी?"

मावशी हे मला जिन्यात सांगत होत्या. ती घाबरली असेल, खुर्ची वाचवायची असेल, तेही समजून घेतलं असतं, असं म्हणाल्या. पोरीने दार बंद केलं, तेही रास्तच होतं. "पण भाऊ, ती 'कधी' म्हणाली हो. माझ्या तोंडावर."

मी काहीतरी विनोद करायला गेलो. सुचला नाही. किल्ली कुलपात फिरवून मावशी आत गेल्या.